पडद्यावरचा धडा आणि पडद्यापुढचे मूल





आमच्या शाळेच्या पालक सभेत अलीकडे एक प्रश्न हटकून विचारला जातो. पूर्वी पालक विचारीत, "सर, आमचा मुलगा पाढे का पाठ करीत नाही?" आता विचारतात, "सर, मोबाइलमध्ये काय काय धोके आहेत ते मुलांना एकदा समजावून सांगा." आणि लगेच उपायही सुचवितात, "त्यावरचा एखादा चांगला व्हिडिओ दाखवून टाका, म्हणजे झाले."

प्रस्तुत लेख या शेवटच्या चार शब्दांविषयी आहे. व्हिडिओ दाखवला म्हणजे खरोखरच झाले काय? मी इतिहासाचा शिक्षक आहे. एखाद्या प्रश्नाचे उत्तर सापडेनासे झाले की पूर्वी लोकांनी काय केले ते पाहावे, अशी माझी सवय आहे. मुलांना हलत्या चित्रांतून शिकविण्याचा विचार आजचा नाही. आपल्या महाराष्ट्रात तो शंभर वर्षांहून जुना आहे. त्याचा इतिहास पाहिला तर आजच्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे हाती लागते, असे मला वाटते.

वाटाण्याचे रोप

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला, हे आपण शाळेत शिकतो. त्याआधी १९१२ साली त्यांनी एक अगदी छोटी चित्रफीत तयार केली होती, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. कुंडीत वाटाणा पेरून ते त्याची ठराविक वेळाने एकेक चौकट टिपत गेले. ती फीत पडद्यावर चालविली तेव्हा अनेक दिवसांत वाढलेले रोप पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत काही क्षणांत उगवून वर आले. हे दृश्य पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला आणि पुढचा इतिहास घडला.

फाळके यांनी ती फीत शाळेसाठी काढली नव्हती. तरीही आपल्या देशातील शैक्षणिक चित्रपटाचे मूळ मला त्या रोपातच दिसते. जे डोळ्यांना एरवी दिसत नाही ते दाखविणे ही चित्राची खरी ताकद आहे. रोप कसे वाढते हे शिक्षकाने तासभर सांगितले तरी जे कळणार नाही, ते चित्र मिनिटभरात दाखविते. परंतु ते का वाढते, त्याला पाणी कोणी घातले आणि कुंडी सावलीत ठेवली असती तर काय झाले असते, हे चित्र सांगत नाही. ते सांगायला शेजारी कोणीतरी लागतो. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढच्या सर्व इतिहासात ती पुन्हा पुन्हा येते.

मंडईतील दंडार ते गावोगावचा पांढरा पडदा

आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. परंतु झाडीपट्टीची ओळख त्याहून कितीतरी जुनी आहे. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्री दंडार आणि नाटके होतात. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी अनेकांनी ती लहानपणी पाहिली आहेत. तेथे हिंदू कोण आणि मुसलमान कोण, हे कोणी विचारीत नसे. मूल आजोबांच्या मांडीवर बसून पाही. पात्र रागावले की मूल घाबरे आणि आजोबा कानाशी सांगत, "अरे, हा तर आपला अमका, तोंडाला रंग लावून आला आहे." खोटे कोणते आणि खरे कोणते हे मूल त्या मांडीवरच शिके.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली केंद्र सरकारने फिल्म्स डिव्हिजनची स्थापना केली आणि १९५५ साली बालचित्र समिती अस्तित्वात आली. सरकारी प्रचाराची गाडी गावात येई, दोन बांबूंना पांढरा पडदा ताणला जाई आणि देवीची लस, शेतीची खते, स्वच्छता यांवरची माहितीपटे दाखविली जात. पडदा एकच आणि पाहणारे सारे गाव. काही कळले नाही तर शेजाऱ्याला विचारायची सोय होती.

उपग्रहाचे वर्ष

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ हे एक वर्ष भारतीय शिक्षणाच्या इतिहासात विशेष महत्त्वाचे आहे. अमेरिकेच्या 'एटीएस-६' या उपग्रहाच्या साहाय्याने भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचविली. या प्रयोगाला 'साइट' असे नाव होते. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. परंतु आपल्या पूर्वेकडील शेजारी छत्तीसगड, म्हणजे तत्कालीन मध्य प्रदेशातील रायपूर, बिलासपूर व दुर्ग हा भाग त्यात होता. आपल्याकडून आगगाडीने काही तासांच्या अंतरावर हा प्रयोग चालू होता.

तारेच्या जाळीची सुमारे दहा फूट व्यासाची छत्री, तिच्याखाली शाळेत किंवा सार्वजनिक जागी ठेवलेला एक संच, सकाळी प्राथमिक शाळेतील मुलांसाठी कार्यक्रम आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी, अशी योजना होती. संस्थेच्या मुंबईच्या स्टुडिओने मुलांसाठी विज्ञानाचे कार्यक्रम तयार केले. विशेष म्हणजे त्या वर्षी केवळ मुलांनाच नव्हे, तर हजारो प्राथमिक शिक्षकांनाही याच माध्यमातून विज्ञान शिकविण्याचे प्रशिक्षण दिले गेले. म्हणजे योजना आखणाऱ्यांनीही नुसत्या संचावर भिस्त ठेवली नव्हती. संच आणि मूल यांच्यामध्ये शिक्षक असला पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

बालचित्रवाणी

ऑगस्ट १९८३ मध्ये 'इन्सॅट-१ बी' हा आपला स्वतःचा उपग्रह अवकाशात गेला. सहा राज्यांत मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम निर्माण करणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. या वेळी महाराष्ट्र त्यात होता. १९८४ साली पुण्यात स्थापन झालेली राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था म्हणजेच आपली बालचित्रवाणी. आज चाळिशी ओलांडलेल्या पालकांना ते नाव ऐकताच तिची सुरुवातीची धून आठवेल. मातीकाम, कागदकाम, गणितातील गमती, पक्षी, गोष्टी असे सारे काही मराठीतून आणि आपल्या मुलांसारख्या दिसणाऱ्या मुलांना घेऊन केलेले असे.

गावात ज्याच्या घरी टीव्ही असेल त्याच्या ओसरीवर गल्लीतील सगळी पोरे जमत. कार्यक्रम केव्हा सुरू होणार आणि केव्हा संपणार हे ठरलेले असे. संपला की संच बंद आणि मुले अंगणात. कार्यक्रम निवडणारे शिक्षणतज्ज्ञ होते, दाखविणारे सरकार होते आणि पाहताना घरचे मोठे माणूस मागे बसलेले असे. मुलापर्यंत काय पोहोचते यावर असे तीन पहारे होते. पुढे वाहिन्या वाढल्या, काळ बदलला आणि २०१७ साली बालचित्रवाणी बंद झाली.

पडदा मुठीत आला

१५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू झाली. कित्येक वर्षे ती शहरातील कचेऱ्यांपुरतीच होती. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि राइस मिलमधील हमालापासून तेंदूपत्त्याच्या फडीवरील मजुरापर्यंत सर्वांच्या हाती स्मार्टफोन आला. शाळाही मागे राहिल्या नाहीत. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली. ती कल्पना पुढे राज्यभर गेली आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. २०१७ साली 'दीक्षा' हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि शाळांना कुलुपे लागली. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. घरात, अंगणात आईवडिलांना बरोबर घेऊन करता येतील असे अनुभव त्यात दिले जात. बालचित्रवाणीची आठवण व्हावी असाच तो उपक्रम होता. मात्र बहुतेक घरांत अभ्यास मोबाइलवर आला. आदल्या वर्षापर्यंत ज्या मुलांना आपण मोबाइलला हात लावू देत नव्हतो, त्यांच्या हातात तो आपणच दिला. अभ्यासासाठी दिला, हेतू चांगला होता. पण त्या घाईत मघाचे तिन्ही पहारे एकदम उठले. आता कार्यक्रम निवडणारे यंत्र होते, ते एका मागून एक चित्रफीत आपोआप लावीत होते आणि मूल कोपऱ्यात एकटे होते. मांडीवर बसविणारे आजोबा या चित्रातून नाहीसे झाले.

मोबाइल हा टीव्हीसारखा एकतर्फी नाही, हाही मोठा फरक आहे. टीव्हीतील माणूस मुलाचे नाव विचारीत नसे. मोबाइलवरील खेळात अनोळखी माणूस मुलाशी बोलतो, फोटो मागतो, शाळेचे नाव विचारतो. पूर्वी मूल फक्त पाहत होते. आता पडद्यापलीकडून त्यालाही कोणी पाहू शकते.

अर्धवट कापलेली चित्रफीत

यानंतर जी घटना सांगणार आहे, ती सांगताना हात जड होतो. पण ती टाळता येणार नाही.

पाकिस्तानातील कराची शहरात हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने २०१६ साली पालकांना सावध करणारी एक छोटी चित्रफीत काढली. गल्लीत मुले क्रिकेट खेळत आहेत. मोटारसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलतात आणि पसार होतात. थोड्याच वेळात ते परत येतात, मुलाला सुखरूप खाली ठेवतात आणि एक फलक दाखवितात. मूल पळवायला क्षणभरही पुरतो, म्हणून लक्ष ठेवा, अशा अर्थाचा मजकूर त्यावर आहे. हेतू किती चांगला! मुलांच्या सुरक्षिततेचा धडा व्हिडिओतून देणे, म्हणजे आपण पालक सभेत जे मागतो तेच.

कोणीतरी त्या चित्रफितीचा शेवट कापला. मूल परत आणून ठेवल्याचे दृश्य गेले, फलक गेला. उरले ते फक्त अपहरण. २०१८ साली ती अर्धवट चित्रफीत 'मुले पळविणारी टोळी आपल्या भागात आली आहे' अशा मजकुरासह भारतभर मोबाइलवरून फिरली. तशाच आणखी कितीतरी खोट्या चित्रफिती आणि निरोप फिरत होते. ठिकठिकाणी निरपराध लोकांना मारहाण झाली.

१ जुलै २०१८ रोजी ही आग आपल्या महाराष्ट्रात पोहोचली. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी मुले पळविणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे, सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्यातून भिक्षेसाठी आलेले गरीब लोक होते. ते कोणाचे मूल पळवायला आले नव्हते. त्यांचीही घरी मुले होती.

त्याच दिवशी मालेगावातही तशीच अफवा उठली. परभणीकडील पाच जणांच्या एका कुटुंबाभोवती मोठा जमाव जमला. त्यांत दोन वर्षांचे एक मूल होते. परंतु तेथे काही स्थानिक रहिवाशांनी त्या कुटुंबाला घरात आसरा दिला आणि पोलिसांनी जमावाला आवरून त्यांना वाचविले. मालेगाव ही आपल्या समाजाची मोठी वस्ती आहे. त्या रात्री ज्यांनी दार उघडले, त्यांनी आपल्या सर्वांची लाज राखली असे मी मानतो.

पाच माणसे मेली आणि पाच वाचली. निरोप दोन्हीकडे सारखाच होता. एका ठिकाणी, थांबा, आधी विचारू द्या, असे म्हणणारा माणूस वेळेवर उभा राहिला. कुरआनमध्ये सूरह अल-हुजुरातमध्ये आज्ञाच आहे की, अविश्वासू माणसाने बातमी आणली तर तिची शहानिशा करा, नाहीतर अजाणता कोणावर अन्याय कराल आणि मागाहून पस्तावाल. चौदाशे वर्षांपूर्वीची ही आज्ञा मोबाइलवरील निरोपाला तंतोतंत लागू पडते. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे ढकललेल्या संदेशावर तशी खूण देणे सुरू केले आणि भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी संदेश पाठविण्यास बंदी घातली. यंत्राने आपल्या बाजूने दोन गोष्टी केल्या. माणसाने काय करायचे ते मात्र माणसालाच शिकवावे लागते.

इतर देशांनी काय केले

मुलांच्या ऑनलाइन सुरक्षिततेचा विचार इतर देशांत आपल्या आधी सुरू झाला, कारण इंटरनेट तेथे आधी पोहोचले. समाजमाध्यमांवर खाते उघडण्यासाठी १३ वर्षांची अट असते, ती कोठून आली असे विद्यार्थी मला विचारतात. तिचे मूळ अमेरिकेच्या १९९८ सालच्या कायद्यात आहे. १३ वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करू नये, असे तो कायदा सांगतो. याच कायद्याच्या भंगाबद्दल २०१९ साली गूगल व यूट्यूबला १७ कोटी डॉलर भरावे लागले. भारतात २०२३ साली झालेल्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. तेव्हा सातवीतील मुलाला खोटी जन्मतारीख टाकून खाते उघडून देणारे आपणच असू, तर मुलाला ऑनलाइन जगातील खोटेपणाचा पहिला धडा आपणच दिला, असे होते.

न्यूझीलंडमध्ये लहान मुलांसाठी हेक्टर नावाच्या डॉल्फिनची चित्रमालिका तयार झाली. समुद्रातील दोस्तांच्या गोष्टींतून आपली माहिती कोणाला सांगावी आणि कोणाला नाही, हे तीत शिकविले जाई. तिच्या जोडीला संगणकावर डॉल्फिनचे एक चित्र ठेवता येई. नको ते दृश्य आले की मुलाने त्यावर बोट दाबायचे, पडदा झाकला जाई आणि मोठ्या माणसाला बोलावण्याची सूचना येई. ब्रिटनमध्ये ४ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी जेसी आणि तिच्या मित्रांच्या तीन छोट्या चित्रफिती निघाल्या. पहिली व्हिडिओ पाहण्यावर, दुसरी फोटो पाठविण्यावर आणि तिसरी खेळ खेळण्यावर. चिंता वाटली तर विश्वासातील मोठ्या माणसाला सांग, हाच तिन्हींचा गाभा आहे. शिक्षकाने आधी व नंतर काय बोलावे, याचे पाठही त्यांच्या सोबत दिले आहेत.

आपल्याकडे चाइल्डलाइन संस्थेची 'कोमल' ही छोटी चित्रफीत प्रसिद्ध आहे. चांगला स्पर्श आणि वाईट स्पर्श या अवघड विषयावर ती आहे आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कित्येक शाळांतून ती दाखविली जाते. तीतील लहान मुलगी अखेर आपल्या घरच्या मोठ्यांना सांगते, आणि तेथूनच तिची सुटका सुरू होते.

वाचकहो, न्यूझीलंड, ब्रिटन आणि भारत, तिन्हीकडचे शहाणपण एकाच जागी येऊन थांबते. मुलाने मोठ्याला सांगितले पाहिजे. पण मोठा ऐकायला तयार असेल तरच हे शक्य आहे.

वर्गातील दोन अनुभव

दोन वर्षांपूर्वी मीही उत्साहाने चौथीच्या वर्गात पासवर्डवरील एक चित्रफीत दाखविली. चित्रे रंगीत, गाणे गोड. संपल्यावर मी विचारले, "पासवर्ड कोणाला सांगायचा?" साऱ्या वर्गाने एका सुरात उत्तर दिले, "कोणालाच नाही!" मी खूश झालो. मग सहज म्हणालो, "बरे, अब्बूंच्या मोबाइलचे कुलूप कोणाकोणाला उघडता येते?" झाडून सगळे हात वर आले. एकाने उभे राहून चारही आकडे खणखणीत आवाजात सांगितले. दुसऱ्याने फळ्यावर बोटाने नक्षी काढून दाखविली. वर्ग हसला, मीही हसलो. पण घरी जाताना मला कळून चुकले की, मुलांनी गाणे पाठ केले होते, धडा शिकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तीच चित्रफीत पुन्हा लावली. या वेळी तीन ठिकाणी थांबविली आणि प्रत्येक ठिकाणी विचारले, "आता पुढे काय होईल? तू असतास तर काय केले असतेस?" मुलांना जोडीजोडीने उभे करून एकाला अनोळखी माणूस केले, दुसऱ्याला मूल. पाच मिनिटांच्या चित्रफितीला चाळीस मिनिटे लागली. ज्याने आकडे सांगितले होते तोच शेवटी म्हणाला, "सर, काल मी सांगून टाकले. आज घरी जाऊन अब्बूंना नंबर बदलायला सांगतो." त्या वाक्यापाशी माझा धडा पुरा झाला.

दुसरा अनुभव हसण्याजोगा नाही. पाचवीतील एक हुशार मुलगी एकाएकी गप्प राहू लागली. आमच्या एका शिक्षिकेने मायेने विचारपूस केली तेव्हा कळले की, मोबाइलवरील एका खेळात कोणी अनोळखी माणूस तिला घाणेरडे निरोप पाठवीत होता. हे कित्येक दिवस चालू होते. घरी का नाही सांगितलेस, असे विचारल्यावर तिने दिलेले उत्तर मी विसरू शकत नाही. "अम्मी मोबाइल काढून घेईल, आणि अब्बू म्हणतील, बस झाली शाळा." तिच्या नात्यातील एका मोठ्या मुलीचे तसेच झाले होते.

पालकहो, त्या मुलीला धोका काय आहे हे ठाऊक होते. असे निरोप वाईट असतात हे कोणत्याही चित्रफितीशिवाय तिला समजले होते. तिला भीती वाटत होती ती त्या अनोळखी माणसाहून अधिक आपल्या घराची. मुलीचे शिक्षण आपल्या समाजात कोणत्या कष्टांनी उभे राहिले हे आपण जाणतो. एका गुन्हेगाराच्या निरोपापायी ते आपणच बंद पाडणार असू, तर शिक्षा गुन्हेगाराला झाली की मुलीला? सुदैवाने त्या मुलीच्या वडिलांनी शांतपणे ऐकून घेतले. ते म्हणाले, "बेटा, तू सांगितलेस हे फार चांगले केलेस." ती आजही शाळेत येते.

आता आपण काय करावे

इतिहासाने दिलेला बोध एका वाक्यात सांगायचा तर असा : चित्रफितीचा शेवटचा भाग पडद्यावर नसतो, तो पडद्यापुढे बसलेल्या मोठ्या माणसाने पुरा करायचा असतो. फाळके यांच्या रोपापासून कराचीच्या चित्रफितीपर्यंत हेच दिसते. म्हणून काही सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली गोष्ट, मुलाबरोबर बसून पाहा. आठवड्यातून एक चित्रफीत पुरे. मध्ये थांबवा, विचारा, बोलू द्या. भाषा मुलाची असू द्या. आपल्या जिल्ह्यात घरात कोणी हिंदी-उर्दू बोलतो, कोणी झाडीबोली, पोवारी, गोंडी. मूल ज्या भाषेत घाबरते त्याच भाषेत त्याला धीर द्यावा लागतो.

दुसरी गोष्ट, घरात मोबाइल वापरण्याची जागा ठरवा. दार लावून कोपऱ्यात नव्हे, तर चारचौघांत, जुन्या ओसरीसारखी. एका मागून एक आपोआप लागणारे व्हिडिओ बंद करण्याची सोय मोबाइलमध्ये असते, ती वापरा.

तिसरी गोष्ट, परवानगी मागण्याची सवय लावा. सूरह अन-नूरमध्ये लहान मुलांनीसुद्धा दिवसातील तीन वेळी खोलीत येण्यापूर्वी परवानगी घ्यावी, असे सांगितले आहे. प्रत्येकाच्या खासगीपणाला मान असतो, हे आपल्या दीनने मुलांना इतक्या लहान वयात शिकविले. तोच नियम फोटोला लावा. दुसऱ्याचा फोटो त्याला विचारल्याशिवाय पाठवायचा नाही, आपला फोटो अनोळखी माणसाला द्यायचा नाही. आणि आपणही मुलाचा फोटो समाजमाध्यमावर टाकण्यापूर्वी त्याला विचारावे.

चौथी गोष्ट, कायदा आपल्या बाजूने आहे. २०१२ सालच्या 'पोक्सो' कायद्यात पीडित मुलाचे नाव व ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी घेता येतो आणि जबाब घेणारा पोलीस अधिकारी गणवेशात नसावा, असा दंडक आहे. तेव्हा बदनामीच्या भीतीने गप्प बसू नका. आलेले निरोप पुसून टाकू नका, तो पुरावा असतो. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका उपक्रमातून सुरू झाली. आज ती देशभर आहे. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. हे तीन क्रमांक दिनदर्शिकेच्या शेजारी भिंतीवर लिहून ठेवा.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला एवढेच सांगतो. पडद्यावर काही पाहून भीती वाटली, लाज वाटली किंवा कोणी "हे घरी सांगू नको" असे म्हणाले, तर ते त्याच दिवशी घरी सांगा. घरी सांगवत नसेल तर आम्हा शिक्षकांना सांगा. चूक तुमच्या हातून झाली असेल तरीही सांगा. आणि कोणताही निरोप पुढे पाठविण्यापूर्वी राईनपाड्याची आठवण ठेवा. तुमच्या बोटाच्या एका दाबण्यावर कोणाचा तरी जीव अवलंबून असू शकतो.

आपल्या धर्मात अवतरलेला पहिला शब्द 'इक्रा', म्हणजे 'वाच', हा आहे. आजच्या काळात वाचण्यासारखे अक्षरांखेरीज चित्रही आहे, आणि चित्र वाचायला शिकविणे हे आजच्या शिक्षकाचे व पालकाचे काम आहे. मांडीवर बसवून, "अरे, हा तर तोंडाला रंग लावून आला आहे" असे कानाशी सांगणारे आजोबा आपल्या प्रत्येक मुलाच्या वाट्याला येवोत, आणि ती जागा आपणा सर्वांना सांभाळता येवो, हीच अल्लाहजवळ प्रार्थना. आमीन.

— एक सहशिक्षक, बी.ए., बी.एड.